पास घ्यावा की तिकीट काढावं?



तुरीचं खळं आटोपलं आहे आणि हळदीची काढणी अजून लागायची आहे. या मधल्या दिवसांत गावोगावच्या बचत गटांत देवदर्शनाचा विषय निघतोच. यंदा त्याच्या जोडीला एक प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो आहे: "एसटीचा चार दिवसांचा पास मिळतो म्हणतात. एकदा पैसे भरले की कुठंही हिंडा. तो घ्यावा का?"

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तो आई-वडिलांना मुंबईहून मोठ्या जहाजाने गोव्याला नेणार आहे. जहाजवाले वाफेच्या खोल्या, गरम पाण्याचे हौद अशा सोयींसाठी वेगळा पास विकतात, त्याला स्पाचा पास म्हणतात. मुलगा विचारतो, "आई, तुझ्यासाठी घेऊ का?" आणि ताई आम्हाला विचारतात, "काय सांगू त्याला?"

एक प्रश्न लाल गाडीचा, एक समुद्रातल्या जहाजाचा. पण दोन्हीकडे पैसे आधी भरायचे आहेत आणि उपयोग नंतर करायचा आहे, म्हणून हिशेब एकच लागतो. तो आज आपण मिळून करू. वही-पेन घेऊन बसलात तर बरं. नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकराला बोलवा.

आधी एसटीचा पास काय आहे ते बघू. योजनेचं नाव 'आवडेल तेथे प्रवास'. पास दोन मुदतींचा मिळतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. साध्या गाडीचा दर वेगळा, शिवशाहीचा वेगळा आणि जास्त. दर दोनच प्रकारचे, मोठ्या माणसांचा आणि मुलांचा. मुदतीत कितीही वेळा चढा, कितीही वेळा उतरा. पास आपल्या आगारात काढता येतो. आपल्या जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी ही तीन आगारं आहेत.

आता पासच्या मागची बाजू. दिवस सलग मोजतात. सोमवारी पास सुरू झाला आणि मंगळवारी तुम्ही सोयऱ्यांकडे मुक्काम केला, तरी मंगळवार खर्ची पडला. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा, जावेला किंवा नणंदेला देता येत नाही. आणि पास आहे म्हणून बसायला जागा मिळेलच असं नाही. जागा हवी असेल तर आरक्षण वेगळं करावं लागतं.

एवढं कळलं की खरा प्रश्न येतो. पास स्वस्त की महाग, हे कशाशी ताडून बघायचं?

इथेच बहुतेक जणींचा हिशेब चुकतो. शेजारचे दादा सांगतात, "मी पास काढला, माझे शंभर रुपये वाचले." आपण म्हणतो, मग आपलेही वाचतील. पण दादांचं तिकीट पूर्ण असतं आणि आपलं अर्धं. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांमध्ये महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे. पासच्या दरात मात्र बाई आणि पुरुष असा भेद नाही, मोठ्या माणसाला एकच दर. म्हणजे तिकीट आपल्याला अर्ध्या किमतीत मिळतं आणि पास पूर्ण किमतीत. त्याच पासचे पैसे वसूल करायला आपल्याला दादांच्या दुप्पट फिरावं लागेल. आजच्या बोलण्यातली ही मुख्य गोष्ट आहे, लिहून ठेवा.

आता आकडे घेऊ. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा. जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली. त्यानंतर साध्या गाडीचा टप्पा साधारण १० रुपयांचा धरता येतो. म्हणजे आपल्याला तो ५ रुपयांना पडतो. पासचे दर अधूनमधून बदलतात, म्हणून आगारातल्या फलकावर त्या दिवशीचा दर बघायचा. आपण शिकण्यापुरता चार दिवसांचा पास १,४०० रुपयांचा धरू.

१,४०० ला ५ ने भागलं की २८० टप्पे होतात. २८० गुणिले ६, झाले १,६८० किलोमीटर. चार दिवसांत एवढं फिरलात तर पासचे पैसे नुसते वसूल होतील. फायदा त्याच्या पुढे सुरू होतो. दादांना मात्र ८४० किलोमीटरलाच वसुली होते.

भागाकार अवघड वाटत असेल तर सोपी युक्ती सांगतो. पासची जी किंमत असेल तिचा पाचवा भाग काढा आणि तो किमतीतच मिळवा. १,४०० चा पाचवा भाग २८०, दोन्ही मिळून १,६८०. जेवढा आकडा आला तेवढे किलोमीटर बाईला फिरायला हवेत. पुरुषाला त्याच्या निम्मे. दर बदलला तरी युक्ती तीच राहते, फक्त टप्पा १० रुपयांच्या आसपास आहे तोवर.

आता हे किलोमीटर रस्त्यावर मांडून बघू. आपल्याकडची नेहमीची वारी घ्या. हिंगोलीहून निघायचं, औंढ्याला नागनाथाचं दर्शन घ्यायचं, परभणीवरून परळी वैजनाथ, पुढे अंबाजोगाई, लातूर करत तुळजापूर. तुळजापूरहून सोलापूर, अक्कलकोट, मग पंढरपूर, आणि तिथून परत घरी. रस्ता कुठून धरला त्यावर थोडं कमी-जास्त होईल, पण सगळं मिळून साधारण ९०० किलोमीटर धरा. म्हणजे १५० टप्पे. बाईचं तिकीट ७५० रुपये, पुरुषाचं १,५००. मध्ये मध्ये उतरून पुन्हा चढलं की टप्पे नव्याने मोजले जातात, त्यामुळे दोघांचंही थोडं वाढेल. पण फार नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. तुम्ही चाळिशीच्या, तुमचे मालक, ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ७७ वर्षांचे मामंजी. चौघं याच वारीला निघालात. मालकांनी उत्साहाने चार पास काढले तर ५,६०० रुपये गेले. आता तिकिटाने बघू. तुमचे ७५०. सासूबाईंना महिला म्हणूनही निम्मी सवलत आहे आणि ६५ वर्षांच्या पुढच्या म्हणूनही निम्मी. दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत, म्हणून त्यांचेही ७५०. मामंजींचे काहीच नाहीत, कारण ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांच्या पुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. त्यांचा पास काढणं म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट १,४०० ला विकत घेणं झालं. उरले मालक. त्यांचं तिकीट १,५०० आणि पास १,४००. त्यांनी हवा तर पास घ्यावा, शंभरेक रुपये वाचतील. सगळे मिळून झाले २,९००. एकाच गाडीत, एकाच बाकावर बसून, तीच देवळं बघून २,७०० रुपये वाचले. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड मात्र जवळ ठेवा.

घराचा हिशेब झाला, आता गटाचा बघू. बारा बायांच्या गटाने याच वारीसाठी बारा पास काढले, तर प्रत्येकीचे ६५० रुपये जास्त गेले. बारा जणींचे ७,८००. हळद काढणीची दिवसाची मजुरी ३०० धरली तर प्रत्येकीची दोन दिवसांपेक्षा जास्त मजुरी त्यात गेली. आणि चार दिवस कामाला न गेल्याची मजुरी बुडतेच, ती वेगळी. पासचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून उचलले असतील तर त्याचं व्याजही पासच्या किमतीतच धरायला हवं.

आता कोणी म्हणेल, "मग आम्ही जास्त फिरू, वसूल करू." तर तेही बघू. १,६८० किलोमीटर चार दिवसांत म्हणजे रोजचे ४२०. थांबत थांबत जाणारी गाडी तासाला ४० किलोमीटर कापते असं धरलं, तर रोज साडेदहा तास गाडीत बसायचं. मग देवीच्या रांगेत कधी उभं राहणार? जेवणार कधी, अंग टेकणार कधी? सात दिवसांचा पास घेतला तरी सुटका नाही. तो समजा २,४०० चा असेल तर आपल्या युक्तीने २,८८० किलोमीटर, म्हणजे रोजचे चारशेच्या वर. देवदर्शनाला निघालेली बाई पास वसूल करण्यासाठी गाडीतच बसून राहिली, तर ती वारी कसली?

म्हणजे बाईला पास कधीच परवडत नाही का? तसं नाही. हिंगोलीहून पुणे, तिथून कोल्हापूर, रत्नागिरी, मुंबई आणि परत, असा मोठा फेरा चार दिवसांत करायचा असेल तर आकडे जवळ येतात. शिवाय पासमध्ये एक मोकळीक आहे. दर वेळी पैसे मोजायला नकोत, सुट्ट्यांची कटकट नको, वाटेत एखादं गाव आवडलं तर उतरता येतं. कोणाला ती मोकळीकच हवी असेल तर तिने खुशाल पास घ्यावा. हौसेलाही मोल असतं, ते देऊ नये असं आम्ही म्हणत नाही. फक्त ही मोकळीक आपल्याला ६५० रुपयांना पडते आहे, एवढं आधी माहीत असावं.

एक सूचना सीमेपलीकडे जाणाऱ्यांसाठी. आपल्यातल्या बऱ्याच जणी नांदेडवरून बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जातात. बासर तेलंगणात आहे. काही जणी अक्कलकोटहून पुढे गाणगापूरला जातात, ते कर्नाटकात आहे. आपल्या एसटीची महिलांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढच्या तुकड्याचं भाडं पूर्ण लागतं. कर्नाटकात जून २०२३ पासून आणि तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून महिलांना सरकारी बस मोफत आहे, पण ती त्या त्या राज्यात राहणाऱ्या बायांसाठी. आपलं आधार कार्ड महाराष्ट्राचं, आपल्याला तिकीट काढावंच लागतं. हिशेबात तो तुकडा वेगळा लिहा.

आता रोज ये-जा करणाऱ्यांबद्दल. कोणी वसमतला दुकानात कामाला जाते, कोणी हिंगोलीला दवाखान्यात. त्यांना मासिक पासचा प्रश्न पडतो. मासिक पासची रीत अशी की २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस प्रवास करायचा. पूर्ण तिकीट काढणाऱ्याने महिन्यात २० पेक्षा जास्त दिवस ये-जा केली की त्याला पास परवडतो. आपण काय करायचं? पास काढण्याआधी खिडकीवर एकच प्रश्न विचारायचा: "दादा, हे २० दिवसांचं भाडं पूर्ण तिकिटाचं धरलंय की अर्ध्या?" पूर्ण धरलं असेल तर त्या पैशात आपली अर्धी तिकिटं ४० दिवसांची होतात. महिन्यात दिवसच ३०, तेव्हा तो पास आपल्याला कधीच परवडणार नाही. अर्धं धरलं असेल तर २० दिवसांच्या वर फायदा. आणि घरातल्या पाचवी ते बारावीच्या मुलीसाठी पास विकत घेऊच नका. शाळेला जाण्यासाठी त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, शाळेत चौकशी करा.

आता जहाजाकडे येऊ. मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे जाणारं कॉर्डेलिया नावाच्या कंपनीचं जहाज २०२१ मध्ये सुरू झालं. जगात अशी जहाजं पुष्कळ आहेत, एकेका जहाजावर हजारो माणसं असतात. तिकिटात राहणं-जेवण येतं. काही गोष्टींचे पैसे मात्र वेगळे असतात, त्यातला हा स्पाचा पास. तो घेतला की वाफेची खोली, कोरड्या उष्णतेची खोली, गरम दगडी बाकं, कोमट पाण्याचे हौद असं काही काही वापरता येतं. कुठे काय मिळेल ते जहाजागणिक वेगळं असतं. अंग चोळून घ्यायचं, म्हणजे मालिश, त्याचे पैसे बहुतेक ठिकाणी पासच्या वर आणखी लागतात.

गरम पाण्यात अंग शेकणं आपल्याला नवं नाही. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याचे झरे आहेतच. म्हणून ताईंनी बिचकायचं कारण नाही. मुलाला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला: तिकिटात आधीच काय आहे? अशा जहाजांवर पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा बहुधा तिकिटातच असते, काही ठिकाणी गरम पाण्याचा हौदही असतो. तो असेल तर त्याच्यासाठी पुन्हा पैसे कशाला? आपलं अर्धं तिकीट इथे आठवा. हातात आधीच असलेली सोय विसरलं की पास स्वस्त वाटतो.

दुसरा: वापरायला दिवस किती मिळणार? समजा पास ६,००० रुपयांचा आणि प्रवास चार दिवसांचा. मुलगा म्हणेल, रोजचे १,५०० पडले. पण पहिल्या दिवशी दुपारी जहाजात चढायचं, सामान लावायचं. शेवटच्या दिवशी सकाळीच उतरायचं. मधला एक दिवस गोव्यात देवळं आणि समुद्र बघायला जाणार. पूर्ण मोकळा राहिला एकच दिवस, त्यात पहिल्या दिवसाची संध्याकाळ धरली तर दीड दिवस. ६,००० भागिले दीड, म्हणजे दिवसाला ४,००० पडले. पास वसूल करायचा म्हणून ताई गोव्यात उतरल्याच नाहीत, तर एवढ्या लांब जाऊन वाफेच्या खोलीत बसून परत आल्यासारखं होईल.

तिसरा: आपल्या अंगाला ते सोसेल का? बीपीची गोळी सुरू असेल, हृदयाचा त्रास असेल, साखर असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर खूप गरम वाफेत बसण्याआधी डॉक्टरला विचारायलाच हवं. ताईंना बीपी आहे असं त्यांनीच कळवलं आहे. मग जी खोली वापरायची नाही तिचे पैसे का भरायचे?

आमचं मत विचाराल तर, ताई, मुलाला सांगा की चढण्याआधी पास घेऊ नकोस. जहाजावर गेल्यावर एका दिवसाचा मिळतो का ते विचार. पास मोजकेच असतात, संपतील, अशी घाई कोणी केली तरी आधी जागा बघून येऊ दे. आवडली, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर मोकळ्या दिवसापुरते पैसे भर. आणि लेकाने हौसेने विचारलं याचं कौतुक आधी करा, हिशेब नंतर सांगा.

शेवटी गटांसाठी एक काम. येत्या बैठकीत फळ्यावर किंवा वहीत चार ओळी लिहा. पासची किंमत किती? हाच प्रवास तिकिटाने केला तर प्रत्येकीला, तिच्या सवलतीसकट, किती पडेल? खरोखर किती दिवस वापर होईल? आणि पासशिवाय आणखी काय खर्च लागेल? चारही उत्तरं प्रत्येकीची वेगळी येतील, कारण कोणी ४० वर्षांची आहे, कोणी ७६ वर्षांची. म्हणून सगळ्या गटाने एकदम "घ्यायचा" किंवा "नाही घ्यायचा" असं ठरवू नका, प्रत्येकीचा हिशेब वेगळा मांडा.

आणि गावातून बरीच माणसं निघणार असतील तर आगारप्रमुखांना भेटा. अलीकडच्या आषाढी वारीला, एका गावातून चाळीस-एक प्रवासी जमले तर थेट गावातून पंढरपूरला गाडी देण्याची सोय एसटीने केली होती, आणि त्यात महिलांची आणि ज्येष्ठांची सवलतही धरली होती. अशी गाडी मिळाली तर स्टँडवर बदलाबदलीही नको आणि पासही नको.

तुमच्या गटाचा हिशेब काय निघाला ते आम्हाला कळवा. किंमत, किलोमीटर आणि किती जणी, एवढं लिहिलं तरी पुरे. आलेले हिशेब आपण पुढच्या भागात वाचून दाखवू. मैत्रिणींनो, सुखाने जा, सुखाने या. नमस्कार.